वेशीतला रेडा

मोठी मोटारसायकल घ्यायची असेल तर आधी घराला ओटा आहे का ते बघा. विकणारे हे सांगत नाहीत. ते वजन सांगतात, टाकी सांगतात, मागच्या सीटला पाठ टेकायला गादी आहे हे चारदा सांगतात. पण गुडघ्यातलं वंगण संपलेली बाई त्या गादीवर चढणार कशी, याबद्दल त्यांच्या रंगीत कागदात अवाक्षर नसतं. मी ओट्यावरून चढायची. मालक, म्हणजे माझा नवरा, गाडी ओट्याला भिडवायचे, आणि मी एका हातानं काष्टा सावरून, दुसऱ्या हातानं त्यांची कॉलर धरून पाय पलीकडं टाकायची. नऊवारीचा एवढाच एक फायदा मला आयुष्यात झाला.

उतरायलाही ओटाच लागायचा. त्यामुळे केजला निघालो की केजपर्यंत मी वर, अंबाजोगाईला निघालो की अंबाजोगाईपर्यंत. एकदा मांजरसुंब्याला मालक उतरून चहा प्यायला गेले आणि मी गाडीवर बसूनच बशी फुंकत होते. येणारेजाणारे बघत होते. वरातीतली नवरी म्हातारी झाली तरी उतरवून घ्यायला कुणी आलं नाही, असा सगळा देखावा.

गाडी आली ती रस्त्यामुळे. गावाबाहेरून मोठा रस्ता झाला, त्यात आमच्या रानाचा एक पट्टा गेला. ज्यांची ज्यांची जमीन गेली त्यांनी चारचाकी घेतल्या. आमचे मालक एकदा सरपंच होऊन गेलेले. त्यांना कुणासारखंच काही करता येत नाही. "चारचाकी काय, कुणीबी घेतंय," म्हणाले आणि पुण्याला जाऊन ही घेऊन आले. पुढं काच, मागं गादी, तिन्ही बाजूंना पेट्या. असल्या गाड्या घेऊन हैदराबादकडची पोरं लांब लांब फिरतात, मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलात थांबतात, त्यांना बघून ह्यांच्या डोक्यात ते भरलं होतं. मालकांची उंची बेताची. निवडणुकीच्या फ्लेक्सवर ते उंच दिसायचे, कारण फ्लेक्स वर टांगलेला असतो. गाडीवर बसले की त्यांचे नुसते चवडे टेकायचे, टाचा हवेत. सिग्नल नसलेल्या गावात हे खपून जातं. पण आमच्या गावात म्हशी आहेत, आणि म्हैस आडवी आली की थांबावं लागतं. थांबले की मालक नागपंचमीच्या झोक्यावर चढणाऱ्या पोरीसारखे चवड्यावर नाचायचे.

गावानं गाडीचं नाव ठेवलं, रेडा. आणि रेड्यावर कोण बसून येतो हे गावाला सांगावं लागत नाही. मालक गल्लीत शिरले की पारावरचे म्हातारे एकमेकांना म्हणायचे, "उठा बे, तुमचा नंबर लागला." मी घरात तोंडाला पदर लावून हसायची.

खरं तर हसायला मला तोंड नव्हतं. गाडी आली तेव्हा मी केजच्या बाजारातून काळा गॉगल आणला होता. डोक्यावर पदर, पदरावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू. तो फोटो अजून मुलाच्या मोबाईलमध्ये आहे. त्या बाईला बघितलं की वाटतं, हिला कुणीतरी घरी सोडून या. पण ती बाई तरी बरी. तिच्याआधीची, एकोणीस वर्षांची, तिला काय म्हणावं? तिला बघायला दोन स्थळं आली होती. एक झेडपीच्या शाळेतला मास्तर, सायकलवर आला, सायकलला कुलूप लावून आत आला. दुसरे हे, मोटारसायकलवर आले. गाडी शेजारच्या गावच्या ग्रामसेवकाची होती, परत न्यायला तो ग्रामसेवक मागून एसटीनं आला होता आणि आमच्या अंगणात उभा होता, तरी त्या पोरीच्या डोक्यात उजेड पडला नाही. तिनं आईला सांगितलं, "मोटारसायकलवाला." मास्तर आता पेन्शन खातो, सकाळी फिरायला जातो, दात सगळे शाबूत आहेत. मी मुद्दाम चौकशी करते.

गाडीबरोबर राहणं म्हणजे घरात एक मोठा रुसका पाहुणा ठेवणं. तिला मागं सरता येत नाही. म्हणजे सरते, पण चार माणसं लागतात. म्हणून ती लावतानाच तोंड बाहेर करून लावायची, उतारावर नाक खाली घालून कधी लावायची नाही. हे मालकांना दरवेळी लावून झाल्यावर आठवायचं. ऊसतोडीच्या दिवसांत समोरून दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आला की गल्लीत कुणी मागं सरायचं यावर अर्धा तास जायचा, आणि शेवटी ट्रॅक्टरवाला खाली उतरून मालकांची गाडी ढकलायचा. काळ्या मातीच्या चिखलात ती आपल्या वजनानंच रुतायची. पेट्यांमध्ये मात्र सोय होती. उजव्या पेटीत मी भाकरी ठेवायची. खालून धुराड्याची धग लागून दुपारपर्यंत गरम. तेवढ्यासाठी दिलेला पैसा वसूल झाला असं मी माझ्या जावेला सांगायची. ती जाऊ म्हणजे मालकांच्या चुलतभावाची बायको, भिंतीपलीकडंच राहते. ती म्हणायची, "बाई, भाकरीला एवढा रेडा? आमी नुसत्या टोपलीत ठेवतोत."

ह्या चुलतभावाचं, माझ्या भावजींचं, इथं नीट सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्याशीच येऊन भिडतं.

आमच्या गावात पोळ्याला वेशीत तोरण बांधतात. दोन दगडी खांब, मधून दोरी, दोरीला आंब्याची पानं. पोळ्याच्या दिवशी सगळी बैलं सजून वेशीबाहेर जमतात, तिथं त्यांचं लग्न लागतं, मंगलाष्टकं होतात, आणि मग पहिली जोडी तोरण तोडून आत शिरते. ही पहिली जोडी आमच्या घरची. पणजोबांपासूनचा मान. मानाची जोडी गेल्याशिवाय दुसऱ्या कुणाचा पायसुद्धा तोरणापलीकडं पडत नाही. बैलाचा नाही आणि माणसाचाही नाही. हा मान कुणाला काढून घेता येत नाही. ज्या घराचा आहे त्या घरानंच आपल्या तोंडानं "सोडला" म्हणावं लागतं. मग तो भावकीतल्या पुढच्या घराला. पुढचं घर म्हणजे भावजी.

लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला मी त्या जोडीला आमच्या दारात ओवाळलं तेव्हा माझी मान अशी ताठ झाली की दोन दिवस उशीवर टेकेना. सगळ्या गावाच्या बायका मागं ताटं घेऊन उभ्या आणि मी पुढं. एकोणीस वर्षांच्या त्या येडीला वाटलं, मान आपलाच. बैलांचा होता, बाई! बैलांनासुद्धा त्यातलं काही ठाऊक नव्हतं, त्यांना पुरणपोळी ठाऊक होती.

पुढं सालगडी बायकोला घेऊन ऊस तोडायला कारखान्यावर गेला, शेताला ट्रॅक्टर आला, आणि मालकांनी जोडी सिरसाळ्याच्या बाजारात विकली. त्या वर्षी पोळ्याला माझ्या माहेराहून जोडी मागवली. गावानं तोंड वाकडं केलं, पण चाललं. पुढच्या वर्षी माहेरच्यांनीही बैल विकले. पोळ्याच्या दिवशी दुसऱ्याला बैल कोण देतं? भावजींच्या गोठ्यात मात्र लाल कंधारी जोडी, दृष्ट लागावी अशी. श्रावण लागल्यापासून ते रोज संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन बसायचे आणि मालकांची तब्येत विचारायचे.

"दादा, यंदा बैलाचं काय केलंव?"

"बघायलोय."

"बघा, बघा. नसंल जमत तर शब्द टाका. मान काय, घरातल्या घरातच हाय. तुमचं आमचं काय येगळं हाय का?"

ते गेले की मालक थुंकायचे. त्या महिन्यात त्यांना झोप नव्हती. सरपंचकी गेली, जमिनीचा पट्टा गेला, बैल गेले. आता ह्या वेशीशिवाय त्यांना गावात पहिलं कुणी कुठं उभं करत नव्हतं. मग एका सकाळी दात घासता घासता थांबले आणि म्हणाले, "ट्रॅक्टर न्हाईत का नेत वेशीतून?"

नेतात. शेवटी शेवटी, फुलं बांधून, दोनचार ट्रॅक्टर जातात.

"मग शेवटी ट्रॅक्टर चालतोय तर पहिली गाडी कावून चालत न्हाई?"

पारावरच्या म्हाताऱ्यांनी ह्यावर दोन दिवस खल केला. मालकांनी त्यांना पटवलं, की जनावर कशाला म्हणायचं? ज्याला खायला लागतं, प्यायला लागतं आणि धन्याशिवाय जे दुसऱ्याला बसू देत नाही ते जनावर. म्हाताऱ्यांना हे पटलं असं मला अजून वाटत नाही. त्या वर्षी गावात दुसरा तमाशा नव्हता, एवढंच.

आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. बैलाच्या खांद्याला वर्षभर जू घासतं, म्हणून त्या संध्याकाळी पळसाच्या पानानं तिथं तूप-हळद चोळतात आणि त्याला जेवायचं आवतण देतात. मालक म्हणाले, नियम म्हणजे नियम. मी घरचं तूप पातळ करून हळद कालवून वाटी आणली.

"पर हिचा खांदा कुठशीक?" मी विचारलं.

मालकांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "जिथून वळती, तिथं खांदा," म्हणाले, आणि हँडलपासून खाली चाकापर्यंत येणाऱ्या त्या दोन चकचकीत दांड्यांना त्यांनी हात सैल सोडून तूप चोळलं. मूठ, दांड्या, सगळं पिवळंजर्द. तूप ओघळत ओघळत खाली गेलं, तिथं चाकाला ती भोकं पाडलेली लोखंडी ताटली असते, ब्रेकची, तिच्यावर. मग ते वाकले आणि गाडीच्या आरशात तोंड घालून म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाय या."

"अवो, तो कान न्हाई, आरसा हाय."

"गप. हसायलीस कावून?"

सकाळी हात सटकायला लागले तेव्हा मुठी फडक्यानं पुसल्या. चाकाकडं कुणी बघितलं नाही. बघायचं ते बघणारा, ज्यानं गाडी विकली तो, पुण्यात. आणि त्याला जरी विचारलं असतं, की ब्रेकला तूप चालतं का, तर त्यानं फोन ठेवला असता.

पोळ्याला मी गाडी अशी सजवली की बैलांनी लाजावं. जुन्या पडद्याची झूल, आरशांना शिंगांना लावतात तसा लाल हिंगूळ, दिव्याला घुंगरमाळ, आणि समोरच्या उंच काचेला बाशिंग. ओवाळताना दिव्यालाच कुंकू लावलं. बायका वेशीत जात नाहीत, त्या वेशीबाहेरच्या एका घराच्या गच्चीवर उभ्या राहून बघतात. मीही तिथं जाऊन पुढची जागा धरली. माझी जाऊ शेजारीच. तिच्या दाताला फट आहे, हसली की त्यातून शिट्टी वाजते, आणि ती सकाळपासून वाजत होती.

वेशीकडं जाणारी वाट उताराची. वरून पाऊस पडून गेलेला. मालक सगळ्यांत पुढं, गाडी चालू, घुंगरं वाजतायत, फेटा असा बांधलेला की ऐकू यायला जागा नाही. त्यांच्या मागं भावजींची जोडी, तिच्या मागं अख्खं गाव. तोरणापासून वावभर अलीकडं मालकांनी गाडी थांबवली आणि मंगलाष्टकं सुरू झाली. आमचे गुरुजी मंगलाष्टकं लांबवतात. माणसांच्या लग्नात लांबवतात, बैलांच्या लग्नात तर त्यांना घाई करणारं कुणी नसतं. उतारावर ती जड गाडी मालक नुसत्या हाताच्या ब्रेकवर धरून उभे. पायाचाही ब्रेक असतो, पण तो दाबायला पाय लागतो, आणि त्यांचे दोन्ही पाय जमिनीला टेकायच्या कामात होते.

तिसऱ्या कडव्याला गाडी हलली.

पळाली नाही. पळाली असती तर एका झटक्यात तोरण तुटून काम झालं असतं. ती लग्नातली नवरी बोहल्याकडं जाते तशी निघाली, एक एक इंच, आणि मालक तिच्याबरोबर चवड्यावर नाचत निघाले. लोकांना वाटलं, मालक मुद्दामच पुढं घेतायत. कुणीतरी तांदूळ टाकले. मालकांनी ब्रेक दाबला, दाबला, शेवटी दोन्ही हातांनी दाबला, तशी गाडी एका बाजूला कलली, आणि सावकाश, सगळ्या गावाला नीट बघता यावं अशा बेतानं, वेशीच्या खांबाला टेकून आडवी झाली. मालकांचा पाय पेटी आणि दगडाच्या मधे.

मी गच्चीवर पोट धरून हसत होते. खोटं कशाला सांगू? जाऊ हसत होती, मी हसत होते, आम्ही एकमेकींच्या खांद्याला धरलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच धरलं असेल.

मग लक्षात आलं की कुणी उचलत नाही.

गाडी वेशीत अशी पडली होती की ती उचलायची तर तोरणाच्या पलीकडच्या अंगाला जाऊन उचलावी लागणार. आणि मानाची जोडी आत गेल्याशिवाय तोरणापलीकडं पाय टाकायचा नाही. मागं बैल खोळंबले, माणसं खोळंबली, गुरुजींनी पाचवं कडवं सुरू केलं. खाली झूल धुराड्याला चिकटून तिचा धूर निघायला लागला. आणि वेशीत म्हाताऱ्यांचा वाद सुरू झाला.

"बाशिंगाचं टोक लागलं बे तोरणाला. म्या बघितलं."

"लागलं म्हंजी तुटलं का? तोरण हाय तसंच हाय."

"एक पान पडलंय की!"

"पान वाऱ्यानं पडलंय."

मालक दगडाला डोकं टेकून पडले होते. चेहरा फेट्यासारखा लाल. ओरडले, "पान माझ्यानं पडलंय! आधी सांगा, मान झाला का न्हाई? मंग उचला!"

भावजी बैलांचे कासरे दुसऱ्याच्या हातात देऊन पुढं आले आणि मालकांच्या डोक्याशी उकिडवे बसले. आवाज इतका मऊ, की मयताला बसलेत असं वाटावं. "दादा, पोटरी भाजायलीय. 'सोडला' म्हणा. एक शब्द. आत्ता उचलतो."

"तुझ्या बापाला म्हण बे."

"बाप एकच हायेत आपले, आजोबाकडून बघितलं तर. म्हणा, दादा."

"न्हाई म्हणत."

"मंग ऱ्हावा."

आणि ते खरंच तिथंच बसून राहिले, सुपारी काढून.

मी खाली उतरले. गर्दीनं वाट दिली, कारण पोळ्याच्या दिवशी वेशीत बाई आलेली कुणी कधी बघितली नव्हती. मालकांच्या पायाकडं मी बघितलं, भाजलेल्या कातड्याचा वास आला. मी म्हणाले, "सोडला मान. उचला त्यांना."

मग भावजीच उठले, "घरानं शब्द दिला!" असं बोंबलले, आणि दहापंधरा माणसांनी तोरणाखालून पलीकडं जाऊन तो रेडा उचलला. मालकांना बाजेवर घातलं. बाज निघते न निघते तोच मागून लाल कंधारी जोडी तोरण तोडून आत गेली. एका बैलानं बाशिंग तुडवलं, दुसऱ्यानं खाल्लं.

अंबाजोगाईला नेलं, घोट्यात सळई बसली. मालक महिनाभर एका शब्दानं माझ्याशी बोलले नाहीत. मुलगा आला, सून आली, त्यांच्याशी बोलायचे; मी पाणी पुढं केलं तर भिंतीकडं तोंड. आणि समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला एकच, "म्या न्हाई सोडला. म्या तोंडातून शब्द काढला न्हाई." शेवटी त्यांनी म्हाताऱ्यांनाच घरी बोलावलं. अंगणात बाज, बाजेवर मालक, पाय उशीवर. बाजेच्या पलीकडं चेपलेली गाडी. म्हातारे ओट्यावर ओळीनं बसले. भावजीही आले. त्यांच्या बायकोला, माझ्या जावेला, मी चहाला हाताशी घेतलं.

मालकांनी सुरुवात केली. "बाईच्या शब्दावर मान जातो का? सांगा. आजपतूर ह्या गावात बाईच्या शब्दावर शेळी तरी विकली का कुणी?"

म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. हे बरोबर होतं.

मग भावजी उठले. मी त्यांना चाळीस वर्षं ओळखते. त्यांनी बायकोला न विचारता तिची माहेरची म्हैस विकली होती, आणि ती रडली म्हणून दावंही त्याच गिऱ्हाइकाला दिलं होतं. ते म्हणाले, "बाई म्हंजी घरची लक्ष्मी. घर कुणाचं? बाईचं. वहिनीचा शब्द तोच घराचा शब्द. बाईच्या शब्दाला जे कमी समजतेत, त्यांच्या घरात काय ऱ्हातं?"

माझ्या हातून कपात साखर दुप्पट पडली. जाऊ दाराच्या चौकटीत ट्रे घेऊन उभी, नवऱ्याचं तोंड असं बघत होती, जणू शेजारच्या गावचा कुणी परका माणूस आमच्या अंगणात भाषण द्यायला आलाय.

"लक्ष्मी!" मालक बाजेवर अर्धे उठले. "म्या हिला इचारून कधी काय केलं? बैल विकले, इचारलं का? गाडी घेतली, इचारलं का? पोरीचं लगीन ठरीवलं, ही नको नको म्हणत हुती, इचारलं का? ह्या घरात हिच्या शब्दाला कवडीची किंमत न्हाई, हे अख्ख्या गावाला ठावं हाय!"

तोवर मी मजेत होते. नवऱ्याला माझी किंमत नाही हे सिद्ध करायला एवढी धडपड करताना बघणं ही काही रोजची करमणूक नाही. पोरीच्या वाक्यावर मात्र माझी मजा थांबली. ती पोर आता दोन लेकरं घेऊन पुण्यात दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटते. मी नको म्हणाले होते, हे त्यांच्या ध्यानात होतं तर. इतकी वर्षं मला वाटायचं, त्यांना ऐकूच गेलं नव्हतं.

सगळ्यांत थोरल्या म्हाताऱ्यानं, ज्याला आता दिसत नाही पण बोललेलं सगळं समजतं, त्यानं हात वर केला. "दोघंबी गप बसा. बाईलाच इचारू. पोरी, हिकडं ये."

मी साठी ओलांडलेली पोरगी, पुढं गेले.

"एका शब्दात सांग. ह्या घरात तुझ्या शब्दाला किंमत हाय का न्हाई? न्हाई म्हणलीस, तर वेशीतलं तुझं बोलणं वाऱ्यावर, मान हितंच. हाय म्हणलीस, तर मान गेला."

ती एकोणीस वर्षांची असती तर तिनं पदर नाकापर्यंत ओढला असता, अंगठ्यानं जमीन उकरली असती आणि "मालक म्हणतील तसं" म्हणून सगळ्या गावाकडून शाबासकी घेतली असती. वर घरात जाऊन आपण केवढा त्याग केला म्हणून रडली असती. मला ती मूर्ख फार जवळून ठाऊक आहे.

मालक माझ्याकडं बघत होते. महिन्याभरात पहिल्यांदा. डोळ्यांत पाणी होतं, आणि ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण मला वाचता आलं. न्हाई म्हण. न्हाई म्हण की.

"हाय," मी म्हणाले.

भावजींनी मांडीवर थाप मारली. म्हाताऱ्यांनी चहा मागितला. माझी जाऊ ट्रे घेऊन पुढं आली, सगळ्यांना कप दिले, आणि नवऱ्यापाशी आल्यावर म्हणाली, "आता माज्या म्हशीचंबी बोला की." भावजींनी कप उचलला आणि दुसरीकडं बघितलं. तिच्या शब्दाच्या किमतीचा विषय कुणी काढला नाही, कारण त्यातून कुणालाच मान मिळणार नव्हता.

मालकांनी माझ्यावर डूख धरला तो असा. त्या दिवसापासून ते काहीच ठरवत नाहीत. आज भाजी कुठली? "तिला इचारा. तिच्या शब्दाला किंमत हाय." फवारणी कधी करायची? "तिला इचारा." डॉक्टरनं विचारलं, दुखतं का, तर तिथंही माझ्याकडं बोट. पाणी पिऊ का म्हणून मला हाक मारतात, आणि मी चुलीपुढून उठून जाऊन "प्या" म्हणेपर्यंत तांब्या हातात धरून बसतात. सुरुवातीला मला गंमत वाटली. आता कमरेला कळतंय की किंमत म्हणजे नुसतं ओझं असतं, आणि हे ओझं त्यांनी चाळीस वर्षं मिशा पिळत उचललं, ते त्यांना जड गेलं नाही कारण चुका माझ्या पोरीनं उचलल्या.

पण मीही काही कमी नाही. गाडी मी चार माणसं लावून, चेपलेल्या पेटीसकट त्यांच्या बाजेसमोर आणून लावली, तोंड त्यांच्याकडं करून. बॅटरी उतरू नये म्हणून आठवड्यातून एकदा मी ती चालू करते. उभ्यानं बटण दाबायला ओटा लागत नाही. ती धडधडते, कोंबड्या पळतात, मालक डोळे मिटून ऐकतात. परवा म्हणाले, "आता काय मला बसता यायचं न्हाई. विकावी का?"

"बघू," म्हणाले मी, आणि बटण बंद केलं.